मदत हवी आहे : लिजिओनेला जिवाणू पेशीच्या रॅब१ प्रथिनाला पकडून पुन्हा का सोडतो?

नमस्कार. पदव्युत्तर वर्गासाठी लिजिओनेला न्यूमोफिलावर टिपण तयार करताना एका मुद्द्यावर अडलो आहे; जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

१९७६ मधील फिलाडेल्फियाच्या न्यूमोनियाच्या साथीनंतर ओळखला गेलेला हा जिवाणू मुळात गोड्या पाण्यातील अमीबांमध्ये वाढतो; आपल्या फुप्फुसातील भक्षक पेशी हे त्याचे आडवाटेचे बिऱ्हाड. पेशीने गिळल्यावर तो ‘डॉट/आयसीएम’ या स्रावयंत्रणेतून ३०० हून अधिक प्रथिने पेशीत सोडतो आणि आपल्याभोवतीची पोकळी लायसोसोमच्या (पेशीतील पचन करणाऱ्या पिशव्यांच्या) तावडीत सापडू देत नाही. त्यांतील डीआरआरए हे प्रथिन पेशीतील वाहतुकीचे नियमन करणाऱ्या रॅब१ला जीडीपीऐवजी (हा रेणू धरलेला असताना रॅब१ निष्क्रिय असते) जीटीपी हा रेणू घ्यायला लावून सक्रिय करते आणि वर त्याला एएमपी हा आणखी एक छोटा रेणू जोडते, त्यामुळे रॅब१ बंद करणाऱ्या पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांचे काही चालत नाही आणि गॉल्जीकडे (पेशीतील प्रथिनांची वर्गवारी करून पाठवणी करणाऱ्या भागाकडे) निघालेल्या पुटिका, म्हणजे माल वाहणाऱ्या इवल्या पिशव्या, जिवाणूच्या पोकळीकडे वळतात. चोरी करून वर कुलूपही आपलेच लावावे, तसा हा प्रकार!

इथवर समजते. परंतु पुढे याच जिवाणूचे सिडडी हे प्रथिन तो एएमपी काढून टाकते, नंतर लेपबी रॅब१ला निष्क्रिय करते आणि रॅब१ पोकळीवरून निघून जाते. एवढ्या खटपटीने मिळवलेले प्रथिन जिवाणू स्वतःहून का सोडतो? डीआरआरएचा अतिरेक यजमान पेशीलाच विषारी ठरतो, म्हणून हा लगाम असावा, की पोकळी तयार झाल्यावर रॅब१ची गरजच उरत नाही? शिवाय, या परस्परविरोधी प्रथिनांची वेळ नेमकी कशी साधली जाते?