आईच्या डोळ्यात रक्त साकळलंय, रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवू का?

मंडळी, जरा लवकर सांगा. आम्ही कोथरूडला राहतो. आई ६८ वर्षांची. गेल्या वर्षी स्टेंट बसवला, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. आठवडाभर कोरड्या खोकल्याने बेजार आहे. काल सकाळी चहा देताना बघितलं, तर उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात, नाकाच्या बाजूला, ओलं कुंकू सांडावं तसा लालभडक डाग. बुबुळाच्या कडेशी रेघ आखल्यासारखा थांबलेला. तिला पत्ताच नाही! दुखत नाही, चिपडं नाहीत, पेपर नीट वाचते. पण आज तो खालच्या पापणीपर्यंत उतरलाय, त्याने धास्तावले आहे. काकू म्हणतात गुलाबपाणी घाल, मामा म्हणतो गोळ्या आजच बंद. रविवार आहे, आमचे डॉक्टर गावाला गेलेत.

प्रतिसाद
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल, हा डाग मात्र दोन-तीन आठवड्यांत विरतो. पांढऱ्या भागावरच्या पारदर्शक पडद्याखाली बारीक रक्तवाहिनी खोकल्याच्या जोराने फुटते. बुबुळाच्या कडेला तो पडदा घट्ट चिकटलेला असतो, म्हणून रक्त तिथे अडतं आणि मग वजनाने खाली उतरतं. पुढे मुक्या मारासारखं पिवळं पडेल.

बारीक ठिपके, सोबत पाणी आणि चिपडं असती तर डोळे आल्याची शंका घेतली असती. मार लागून चहूबाजूंनी रक्त फुगून आलं, किंवा बुबुळासमोर आत तळाशी रक्त साचलेलं दिसलं, तर एक मिनिटही थांबायचं नसतं. गुलाबपाणी नको. खुपलं तर कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतील. डोळा चोळू देऊ नका. आज बीपी नक्की मोजा आणि उद्या डोळे दाखवून घ्या. दुखायला लागलं, अंधुक दिसलं, किंवा हिरड्या-नाकातूनही रक्त आलं, तर ससूनची कॅज्युअल्टी रविवारीही उघडी असते.

धागाकर्ती
खूप आभार. शेजारच्या मशीनवर बीपी मोजलं, दोनदा. १७२/९६. खोदून विचारल्यावर आई म्हणाली, बीपीची गोळी बुधवारीच संपली, तुला कशाला त्रास द्यायचा म्हणून बोलले नाही. हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. बीपीची गोळी लगेच सुरू करा, बाकीच्या तशाच राहू द्या म्हणाले. आणायला निघालेय.