अंगणवाडीत नाव घालायला पिवळं रेशनकार्डच लागतं का?

नवीआई: मुलगी 14 महिन्यांची, आमचं कार्ड केशरी, त्यात भाड्याने राहतो, शेजारीण म्हणते ते फक्त पिवळ्या कार्डवाल्यांना, खरंय का? आणि एवढ्याशा पोरीला तिथे बसवायचं तरी कसं?

माजी सेविका: अहो कार्डाचा रंग कोण बघतंय! योजना 1975 पासूनची आहे, 6 वर्षांखालचं कुठलंही मूल चालतं. तीन वर्षांपर्यंत बसवायचं नसतंच, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसाला 500 कॅलरी धरून. गरम खिचडी वगैरे 3 ते 6 वाल्यांना. गरोदर बायकांनाही असतं बरं का.

गावकरी: मिळतं खरं, पण आमचं पोरगं त्या पाकिटाला तोंडच लावेना, शेवटी बायकोने पीठ तुपावर भाजून गूळ घालून लाडू वळले, तर दोन दिवसांत डबा साफ 😄

माजी सेविका: पाकिटापेक्षा वजनाचं बघा. दर महिन्याला काट्यावर ठेवायला लावा, दोन महिने आकडा हलला नाही तर ताईंच्या मागेच लागा.

नवीआई: आणि तिचं आधार अजून काढलेलं नाही?

माजी सेविका: तुमचं न्या, आईच्या आधारवर होते नोंदणी. लसीचं कार्डही ठेवा सोबत.