'छळ' चालेल का? आणि 'सर्व्हायव्हर'ला मराठीत काय?

शाईदौत: पुण्यातल्या एका चर्चच्या महिला मंडळासाठी पत्रक मराठीत आणायचं आहे. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या बायकांनी मदत मागावी, असा मजकूर. पहिली ओळ केली: 'छळ सोसणाऱ्या भगिनींनो, गप्प राहू नका.' मंडळाचं म्हणणं, 'छळ' नको. का, ते सांगितलं नाही. शिवाय 'सर्व्हायव्हर'ला, म्हणजे अत्याचार झेलूनही उभ्या राहिलेल्या बाईला, शब्द हवाय. 'पीडिता' पटत नाही.

कोशवेडा: 'पीडिता'ला काय झालं? पीड् म्हणजे दाबणे, पिळणे. नेमका शब्द आहे. नसेल आवडत तर 'वाचलेली' लिहा.

उंबरठा: 'वाचलेली' म्हटलं की पेपर आठवतो. आणि जी अजून त्याच घरात राहते ती कुठे वाचलीय? पत्रक तर तिच्याचसाठी आहे.

भाकरतुकडा: मंडळाचं बरोबर आहे. चर्चच्या मराठीत 'छळ' म्हणजे विश्वासापायी होणारा त्रास. बायबलमधल्या मत्तय 5:10 मध्ये नीतिमत्त्वाकरिता ज्यांचा छळ झाला ते धन्य आहेत. हे लहानपणापासून ऐकलेल्या बाईला तुमची ओळ शाबासकीसारखी ऐकू येणार. 'सोसणाऱ्या'चंही तेच. गलतीकरांस 5:22 मध्ये सहनशीलता हे आत्म्याचं फळ आहे. 'बळी' तर वेदीवरचा शब्द. म्हणून नाम शोधू नका, कृती लिहा: नवरा मारतो, शिव्या देतो, पगार काढून घेतो, घराबाहेर काढतो. ती आपलं घर लगेच ओळखते.

कोशवेडा: मुळात संस्कृत 'छल' म्हणजे कपट, मराठीत अर्थ सरकला. पेपरात रोज 'विवाहितेचा छळ' छापतात, तिला कुणी धन्य म्हणत नाही. एका पत्रकासाठी चांगला शब्द टाकायचा?

पायरीवकील: तो मथळा जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 498अ चा, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे. पत्रकात कलमं कमी, पायऱ्या जास्त घाला. जिवावर बेतलं तर 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. मग संरक्षण अधिकारी: कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याखाली घरगुती घटना अहवाल तो भरतो. त्याला माहिती शेजारीणही देऊ शकते. सद्हेतूने दिली तर तिच्यावर जबाबदारी येत नाही. दंडाधिकाऱ्याकडे अर्ज गेला की पहिली तारीख साधारण 3 दिवसांत, निकाल 60 दिवसांत द्यायचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून तात्पुरता आदेश पहिल्याच अर्जात मागायचा. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क आहे. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 वर विचारायचं. पीडित 18 वर्षांखालचं असेल तर लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणं पाळकांनाही (चर्चच्या धर्मगुरूंनाही) बंधनकारक आहे. 'प्रार्थना करून बघू' तिथे चालत नाही.

शाईदौत: पाळकसाहेबांना शेवटी 'क्षमा आणि समेट' हवंय.

भाकरतुकडा: क्षमा ठेवा, समेट काढा. क्षमा एकटीला करता येते, समेटाला दोघं लागतात आणि आधी पश्चात्ताप लागतो; लूक 17:3 मध्ये तर क्षमेच्याही आधी पश्चात्ताप सांगितलाय. जोडप्याला समोरासमोर बसवून समजूत घालणं तर सगळ्यात घातक. ती तिथे खरं बोलते आणि त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते.

उंबरठा: पत्रकाच्या बाहेरच्या बाजूला विषय नको. ते पर्समध्ये सापडलं तर संपलं. नंबर लहान चिठ्ठीवर छापा आणि बायकांच्या स्वच्छतागृहात ठेवा. उपासनेनंतर दारात वाटू नका, नवरा शेजारीच असतो.

खवचट_पेठकर: 'सोसणे' हे 'शोषण'वरून आलं ना?

कोशवेडा: ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. मग सोसाट्याचा वाराही शोषणातून आणाल. 'सह्'कडे बघा.

खवचट_पेठकर: 'सह्'मधला 'ओ' कुठून आला, तेवढं सांगा.

शाईदौत: मंडळी, 'सर्व्हायव्हर'?

उंबरठा: 'तगलेली'?

कोशवेडा: तगतात ती दुष्काळातली गुरं.

भाकरतुकडा: 'तरलेली'ही नको, लोकांना चर्चमधलं 'तारण', म्हणजे पापातून सुटका, आठवेल. 'बहिणी' म्हणा आणि पुढे नंबर द्या.

कोशवेडा: म्हणजे मराठीत शब्द नाही, असंच ना?

उंबरठा: 'पीडिता'च्या जागी 'पीडित' चालेल का? लिंगभेद तरी जाईल.

कोशवेडा: विशेषणाला लिंग लावायचं की नाही, हा वेगळा विषय. नवीन धागा काढा.