मदत हवी आहे: लॅपटॉपचा जुना आय७ चांगला की डेस्कटॉपचा नवा आय३?

अल्बमवाला_बार्शी
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या. उद्या सकाळी दुकानदाराला हो की नाही ते कळवायचंय. मी लग्नाचे अल्बम बनवतो. माझ्याकडे आय७ लॅपटॉप आहे, पण हल्ली फोटोशॉप फार रखडतं. दुकानदार आय३ चा डेस्कटॉप घ्या म्हणून मागे लागलाय. आय७ सोडून आय३ वर कोण जातं? वडील म्हणतात पैसे पाण्यात जातील. तुळशीची लग्नं लागली की मला मान वर करायला फुरसत नसते. कुठला प्रोसेसर जास्त ताकदीचा, एवढंच सांगा.

घाटावरचा_गीक
कुठला आय७? कुठला आय३? पूर्ण मॉडेल नंबर द्या. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजव्या कोपऱ्यात वर नाव दिसेल.

रायझनप्रेमी
आय३ च्या भानगडीत पडूच नका. एएमडीचा रायझन ५ ५६००जी घ्या. ६ कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), आत व्हेगा ग्राफिक्स. मी तोच वापरतो, कधी अडलं नाही.

अल्बमवाला_बार्शी
रायझनचं विचारलं नाही हो. लॅपटॉपवर आय७-७५००यू असं दिसतंय. डेस्कटॉपच्या कोटेशनवर आय३ बारावी जनरेशन लिहिलंय.

घाटावरचा_गीक
मग तुलना करण्यासारखं काही उरलंच नाही, आय३ कितीतरी पुढे आहे. ७५००यू २०१६ चा, २ कोर आणि ४ थ्रेडचा. शेवटचा 'यू' पाहा: हा कमी विजेवर चालणारा, १५ वॅटचा प्रोसेसर. टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ३.५ गिगाहर्ट्झ आहे, पण पातळ लॅपटॉपमध्ये तापला की तिथून खाली येतो. बारावीचा आय३-१२१०० हा २०२२ चा, ४ कोर, ८ थ्रेड, टर्बो ४.३. मूळ पॉवर ६० वॅट, जोरात असताना ८९ पर्यंत. कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ४ एमबीच्या जागी १२ एमबी. पासमार्क या वेगाच्या चाचणीत तुमचा साडेतीन हजारांच्या आसपास आहे, १२१०० तेरा हजारांच्या वर. वडिलांना सांगा, आय३-आय७ हा दर्जा त्या त्या पिढीपुरता असतो. सातव्या पिढीतल्या लॅपटॉपचा आय७ बाराव्या पिढीतल्या डेस्कटॉपच्या आय३ शी ताडायचा नसतो.

जुनंतेसोनं
नव्यावर कशाला खर्च करता? कंपन्यांतून निघालेली वर्कस्टेशन स्वस्तात मिळतात. इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४, १४ कोर! मी व्हिडिओ एडिटिंग त्यावरच करतो.

रायझनप्रेमी
दादा, त्यांचं काम फोटोशॉपचं. त्याची बरीचशी कामं एक-दोन कोरवरच चालतात. १४ सावकाश कोरपेक्षा ४ चपळ कोर बरे.

जुनंतेसोनं
सोबत ६४ जीबी रॅमही मिळते, ते का सांगत नाही?

शटर_आणि_मी
रॅमवरून आठवलं, अल्बमवाले, तुमच्या लॅपटॉपला रॅम किती? एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क? शीट कुठल्या मापाची करता? हे कळल्याशिवाय प्रोसेसरला बोल लावू नका.

अल्बमवाला_बार्शी
१२ बाय ३६ ची करिझ्मा शीट (अल्बमचं जोडपान), ३०० डीपीआय. रॅम ८ जीबी. डिस्क १ टीबी, घेतला तेव्हाचीच.

शटर_आणि_मी
इथेच खरं दुखणं आहे. हिशोब करा: १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळजवळ ३.९ कोटी. ८ बिट आरजीबीत एका पूर्ण लेअरला साधारण ११७ एमबी. पार्श्वभूमी, फ्रेम, मास्क, जोडप्याचे चार फोटो असे लेअर चढत गेले, वर हिस्टरी (मागे घेता येणारे बदल) आली की ८ जीबी तिथेच संपतात. मग फोटोशॉप स्क्रॅच फाइल डिस्कवर लिहायला लागतं, आणि तुमची डिस्क फिरणारी. एक शीट उघडून ब्रश चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघा.

अल्बमवाला_बार्शी
बघितलं. डिस्क १०० टक्के, मेमरी ७.९ पैकी ७.४. सीपीयू मात्र तीस-चाळीसच दाखवतोय!

शटर_आणि_मी
म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलाय. लॅपटॉपला एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाका, हा सीझन आरामात निघेल.

घाटावरचा_गीक
शटरभाऊ, निदान बरोबर, उपाय अर्धा. एसएसडी टाकली की डिस्क मोकळी होईल आणि मग ते दोन कोर अडतील. अल्बमच्या सगळ्या शीट एकदम जेपीईजीत काढताना कळेल. शिवाय ७५००यू विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धंद्याच्या मशीनवर किती ओतायचं?

टक्स_नाशिक
विंडोज काढून त्यावर लिनक्स मिंट टाका, लॅपटॉप नवा झाल्यासारखा वाटेल.

शटर_आणि_मी
फोटोशॉप लिनक्ससाठी येत नाही. सीझनच्या तोंडावर कुणाला त्याच्या जागी गिम्प हे सॉफ्टवेअर शिकायला लावू नका.

रंगपंढरी
मॉनिटर कॅलिब्रेट केलाय का? लॅबमधून नवरीचा शालू वेगळ्याच रंगात येतो, त्याचं कारण निम्म्या वेळा तेच असतं. फाइल एसआरजीबी या रंगप्रोफाइलमध्येच पाठवत जा.

अल्बमवाला_बार्शी
रंगाचं नंतर बघतो. कोटेशन नीट वाचलं, जसंच्या तसं देतो: आय३-१२१००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४, ५०० जीबी एनव्हीएमई, कॅबिनेट, एसएमपीएस. उद्या पैसे देऊन टाकू का?

घाटावरचा_गीक
थांबा, देऊ नका! 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, आणि यादीत ग्राफिक्स कार्डही नाही. मशीन सुरू होईल पण मॉनिटरवर चित्र येणार नाही. एक तर एफ नसलेला १२१०० घ्या, त्यात यूएचडी ७३० आहे, नाहीतर कार्ड जोडायला सांगा. तुमच्या कामाला पहिला पर्याय पुरे. आणि रॅम १६, आठ-आठच्या दोन पट्ट्या.

रायझनप्रेमी
५६००जी घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता.

घाटावरचा_गीक
तो चांगलाच आहे. पण एका कोरच्या वेगात १२१०० पुढे आहे आणि फोटोशॉपला तेच लागतं.

रायझनप्रेमी
आणि एक्सपोर्टला? तिथे सहा कोर पुढे जातात. तुम्हीच एक्सपोर्टचं म्हणत होतात.

पावसाळी_अंधार
लाइट जाते का तुमच्याकडे? लॅपटॉपला बॅटरी होती, डेस्कटॉपला नसते. सेव्ह चालू असताना गेली तर फोटोशॉपची पीएसडी फाइल खराब होऊ शकते. यूपीएसचे पैसे आत्ताच धरा.

अल्बमवाला_बार्शी
लाइट जाते, यूपीएस घेतोच. दुकानदाराशी आत्ताच बोललो. साधा १२१०० देतो म्हणाला, थोडे जास्त घेणार. रॅम १६ करतोय. वडिलांना पासमार्कचे आकडे दाखवले, ते तयार झाले. ग्राफिक्स नाही हे त्याने आधी सांगायला हवं होतं, याचा मला खरंच राग आलाय.

शटर_आणि_मी
बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. डबा सीलबंद असू द्या. बॉक्स पॅकमध्ये इंटेलचा पंखा सोबत येतो, ट्रेचा, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा माल दिला तर पंखा वेगळा घ्यावा लागेल. जुनी डिस्क मात्र टाकून देऊ नका, त्यातले अल्बम आधी दोन ठिकाणी उतरवून घ्या.