मदत हवी आहे : कोजागरीचं 60 लिटर दूध नासू नये म्हणून काय करावं?

मारुतीच्या पारावर कोजागरी, माणसं अंदाजे 250. दूध म्हशीचं, साखर लिटरमागं 80 ग्रॅम. अडचण एकच: निम्मं दूध सकाळच्या धारेचं, निम्मं संध्याकाळचं. सकाळचं जरा आंबूस झालेलं असलं तर एकत्र करताच सगळी कढई नासते. म्हणून दोन्ही वेगळं उकळायचं, आधी वाटीभर मिसळून बघायचं. बर्फाची सोय नाही. सकाळचं दूध दर चार तासांनी उकळलं तर टिकेल का?

दुसरं, चुलीवर दूध बुडाला लागतंच. कढईत आधी पाणी फिरवतो, उलथनं तळाला घासत ठेवतो. तरी लागलंच तर न खरवडता दुसऱ्या पातेल्यात ओततो. वास मात्र राहतो. त्यावर काही उपाय? वेलदोडा-जायफळ कुटूनच घालणार, मिक्सर सांगू नका, लाईटचा भरवसा नाही.