लटकन, भुंडा की वेडा राघू?

पाचपाखाडीकर: रविवारी सकाळी येऊरला फुललेल्या पांगाऱ्यावर चिमणीएवढा हिरवागार पोपट दिसला. चोच लाल, पाठीचा खालचा भाग लालभडक, शेपूट जवळजवळ नाहीच. उलटा लोंबकळून फुलात चोच खुपसत होता. मला वाटलं कीराचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या पोपटाचं, पिल्लू. सोबतचे काका म्हणाले, "अरे, भुंडा राघू तो." आणखी एकजण म्हणाले वेडा राघू. घरी येऊन पक्ष्यांची यादी पाहिली तर 'भारतीय लटकन पोपट'. खरं नाव कुठलं? आणि भुंडा म्हणजे नेमकं काय?

खारीगाव: वेडा राघू आधी बाजूला काढा. तो पोपटच नाही, तारेवर बसून हवेतल्या हवेत माश्या-चतुर टिपतो. हिरवा दिसला की आपण राघू म्हणून मोकळे.

जुनीवही: 'भुंडा'ला नुसतं नसणं पुरत नाही, असायला हवं ते नसावं लागतं. बांगड्या नसलेले हात भुंडे, शिंगं नसलेला बैल भुंडा, झाडं गेलेली टेकडी भुंडी. सापाला पाय नाहीत म्हणून त्याला कुणी भुंडा म्हणत नाही. काकांच्या डोळ्यासमोर कीर असणार. तो सुमारे 40 सेंटिमीटर, त्यातली निम्मी शेपूटच. तुमचा पाहुणा जेमतेम 14 सेंटिमीटर. कीराशेजारी ठेवला तर भुंडा, एरवी शेपूट आहे त्याला. आखूड आहे आणि वरच्या लाल पिसांखाली झाकलेली, इतकंच.

पाचपाखाडीकर: पण 'लटकन' तर ब्लाउजच्या नाडीला असतं! लटकणारा म्हणून 'लटक्या' का नको?

जुनीवही: लटका राग, लटकं रुसणं... पोपट खोटा ठरेल की! लटकनच बरं. हा रात्री वटवाघळासारखा फांदीला उलटा टांगून झोपतो. हिरव्या पानांत हिरवं लटकन, ओळखून दाखवा.

खारीगाव: ताडाच्या मडक्यातली ताडी पिऊन झिंगतो, अशाही नोंदी आहेत पक्षितज्ज्ञांच्या. मग लटकन की लटपटन?

कौपीनेश्वर_गल्ली: माझं एक क्रियापद जोडते: खोचणे. घरट्यासाठी मादी पानांचे तुकडे कापते, पण चोचीत धरून नेत नाही. पाठीमागच्या लाल पिसांत एकेक तुकडा खोचते आणि तशीच उडत ढोलीत शिरते. इथे 'अडकवते' लिहिलं तर चित्रच पुसतं. पदर खोचून कामाला लागलेली बाई दिसायला हवी. (एका लेखात मी 'खोवते' असं वाचलं. खोवायचा नारळ!)

जुनीवही: खोवणेचा अर्थ खोचणे असाही आहे हो, केसांत फूल खोवतात. पण कमरेपाशी खोचणेच.

कौपीनेश्वर_गल्ली: मान्य. पाचपाखाडीकर, तुम्ही पाहिला तो नर की मादी? नराच्या गळ्यावर निळा डाग असतो.

पाचपाखाडीकर: फोटो आत्ता मोठा करून पाहिला. गळ्यावर नेमकी पांगाऱ्याची पाकळी आडवी आली आहे.