मदत हवी आहे: पणजोबांची 'डबीची बंदूक' साफ कशी करावी आणि ही मुळात कुठली?

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो पण आता अडलोय म्हणून लिहितोय. आमच्या गावच्या घरी (कुडाळ तालुका) एक जुनी एकनळी बंदूक आहे, १२ बोअर, शेतीसंरक्षणाचा परवाना बाबांच्या नावावर, सगळं रीतसर, दर निवडणुकीला ठाण्यात जमा करतो आणि परत आणतो. शेवटचा बार आजोबांनी काढला असेल, त्यानंतर ती नुसती कपाटात. बाबा ७८ चे झाले, म्हणतायत मी आहे तोवर तिला जरा माणसात आण.

गंमत अशी की ही बंदूक मोडत नाही. म्हणजे नेहमीची काडतुसाची बंदूक मधे मोडून उघडते ना, तशी नाही. नळीच्या मागच्या टोकाला एक जाडजूड लोखंडी झाकण आहे ते उजवीकडे उलटतं, आत काडतूस सारायचं, झाकण लावायचं, घोडा ओढायचा. बार काढल्यावर झाकण उघडून मागे खेचलं की रिकामं काडतूस थोडंसं बाहेर येतं, मग बंदूक पालथी करून ते पाडायचं. आजी हिला डबीची बंदूक म्हणायची.

घरातली कथा अशी की पणजोबा बोटीवर होते, झांझिबारपर्यंत जायचे, तिथे कुणा साहेबाने खूश होऊन दिली. परवान्यावर पण 'इंग्लिश मेक' लिहिलंय. पण बंदुकीवर एक इंग्लिश शब्द सापडेल तर शपथ! घोड्यामागच्या पाटीवर वळणदार अक्षरात 'एम आर ई, आर एल ई' आणि पुढे 'मुत्झिग' असं काहीतरी, आणि नळीवर अंड्याच्या आकारात ई एल जी आणि खाली चांदणी.

हालत: नळीवर तांबडा गंज, दोन स्क्रू जाम, दस्त्याला मागच्या बाजूला वाळवी नाही पण भुंग्याची भोकं. त्यात चुलतभावाने उत्साहाच्या भरात पाटी चिंच आणि राखेने घासली, मग सँडपेपर आणायला निघाला तेव्हा मी बंदूक हातातून काढून घेतली. एका लायसन्सवाल्या कारागिराला दाखवली तर म्हणे पूर्ण पॉलिश मारून काळी करून देतो, नव्यासारखी दिसेल. करू का? बार काढायचा नाहीये, फक्त टिकवायची आहे.

काडतूसवाला: काळी अजिबात करू नका!! या नळ्या मुळात पांढऱ्याच, म्हणजे नुसत्या घासलेल्या पोलादाच्या असायच्या, काळी केलीत तर खोटी दिसेल आणि पॉलिशमध्ये शिक्के जातील ते वेगळंच. तुमच्या भावाला माझ्यातर्फे दोन धपाटे. आधी झाकण उघडून आत काडतूस नाही ना ते बघा, जुन्या बंदुकीत भरलेलं निघतं कधीकधी. मग गंजावर पातळ तेल लावून दोन-चार दिवस सोडा आणि जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलक्या हाताने खरवडा, तांबं पोलादापेक्षा मऊ म्हणून ओरखडे पडत नाहीत. जाम स्क्रूला रोज थेंबभर तेल, आणि खाचेत घट्ट बसणारा पेचकस मिळेपर्यंत हात लावू नका. एकदा खाच गेली की संपलं. दस्त्याला जवसाचं तेल, अगदी थोडं, कापडाने.

जुनीपुराणी: अहो तुमची आजी शंभर टक्के बरोबर होती! या झाकणाच्या रचनेला फ्रेंचमध्ये 'ताबातिएर' म्हणतात, म्हणजे तपकिरीची डबी. ही मुळात शिकारी बंदूकच नाही, फ्रेंच सैन्याची ठासणीची मस्केट आहे. १८६६ ला त्यांनी शास्पो नावाची नवी रायफल घेतली पण ती पुरेना, म्हणून १८६७ मध्ये जुन्या ठासणीच्या बंदुका मागून कापून त्यांना ही डबी बसवली. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून मार खाल्ल्यावर हा सगळा माल भंगाराच्या भावात निघाला. तो बेल्जियममधल्या लिएजच्या बंदूकवाल्यांनी उचलला, नळी १८ मिमीच्या आसपासची होतीच, जराशी घासली की १२ बोअर तयार. ई एल जी आणि चांदणी हा लिएजच्या तपासणीचा शिक्का. अमेरिकेत, आफ्रिकेत ह्या 'झुलू' नावाने स्वस्तात खपल्या.

आणि एम आर ई, आर एल ई म्हणजे 'मान्युफाक्त्यूर रोयाल', राजाचा कारखाना. फ्रान्सचा शेवटचा राजा १८४८ ला पळाला, तेव्हा पाटी त्याच्या आधीची. मुत्झिग हे गाव फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या आल्सासमध्ये, तेही १८७१ ला जर्मनीकडे गेलं. लिएजच्या शिक्क्यावर मुकुट आहे का बघा, मुकुट १८९३ पासून लागला, नसेल तर शिक्का त्याआधीचा.

सह्याद्रीचा_पाहुणा: साहेबाने दिली वगैरे प्रत्येक घरात असतं, आमच्याकडे तलवार पेशव्यांनी दिलेली आहे :) गोव्यातून आली असेल.

जुनीपुराणी: असेलही. पण आफ्रिका सोडून देण्यासारखी नाही. १८९० च्या ब्रुसेल्स करारानंतर तिथल्या मोठ्या पट्ट्यात काडतुसाच्या बंदुका विकायला बंदी आली, म्हणजे त्याआधी तिकडे पोचलेली असू शकते. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून आणायलाही परवाना लागायचा, तेव्हा घरातला सगळ्यात जुना कागद शोधा. बाकी बार खरंच काढू नका, ही काळ्या दारूची आहे, आजचं जास्त जोराचं काडतूस घातलंत तर डबी तोंडावर येईल.

धागाकर्ता: सगळ्यांचे खूप आभार! काडतूस नव्हतं, बघितलं. मुकुट नाहीये, भिंग लावून दोनदा पाहिलं. एक स्क्रू आठ दिवसांनी सुटला. बाबांच्या ट्रंकेत १९३१ चा आजोबांच्या नावाचा परवाना मिळाला, त्यातही 'इंग्लिश'च, म्हणजे चूक आताच्या क्लार्कची नाही, उगाच शिव्या घातल्या. हे 'इंग्लिश' बदलायला अर्ज करावा की गप्प बसावं? नंबर बरोबर जुळतोय. बाबा म्हणतायत राहू दे, फ्रेंच म्हटलं तर परत दहा चकरा.